मराठी चित्रकथा काढायला शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी साताऱ्यात एका डीटीपीच्या दुकानात काम करते आणि उरलेल्या वेळात चित्रकथा काढते. छापलेलं पुस्तक अजून नावावर नाही. स्केचबुकांच्या चळती आहेत, झेरॉक्स काढून वाटलेल्या छोट्या पुस्तिका आहेत आणि दोन मोठी कामं चालू आहेत. माझी पानं पाहिली की कॉलेजातली मुलं, चित्रकलेचे शिक्षक, कधी कधी मुलांचे आईवडीलही ठरावीक प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे सविस्तर लिहिली आहेत.

आधी चित्रकला पक्की करू, की लगेच कथा काढायला घेऊ?

लगेच घ्या. पहिल्याच आठवड्यात एका पानाची, पण पूर्ण कथा काढा. "हात बसला की मग कथा" असं म्हणणारे पुष्कळ जण सुटी चित्रं फार सुंदर काढतात. पण पहिल्या चौकटीतला माणूस चौथ्या चौकटीतही तोच वाटला पाहिजे, दारातून खुर्चीपर्यंत गेला पाहिजे, त्याच्या बोलण्याला जागा राहिली पाहिजे आणि पान उलटावंसं वाटलं पाहिजे. यातलं काहीच सुट्या चित्रांतून शिकता येत नाही. ते कथा काढतानाच कळतं.

सुरुवातीला ए-फोर कागदाची आठ पानी पुस्तिका करा. कागद आडवा धरून अर्धा दुमडा, पुन्हा अर्धा, पुन्हा अर्धा. उघडलात की आठ घरं दिसतील. आता पहिल्या घडीवर परत अर्धा दुमडा आणि बंद कडेकडून, मधल्या आडव्या घडीवरून, एक घर कात्रीने कापा. कागद पूर्ण उघडून लांबीत दुमडा आणि दोन्ही टोकं आत ढकला, पुस्तिका तयार. सगळी चित्रं कागदाच्या एकाच बाजूला येतात, त्यामुळे एका बाजूची झेरॉक्स काढली की प्रत झाली. पान ७४ बाय १०५ मिलिमीटरचं, म्हणजे खिशात मावणारं. मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ सोडून कथेला सहा पानं उरतात. एवढ्याशा जागेत फाफटपसारा घालताच येत नाही, आणि काम संपतं. नवशिक्याला संपलेल्या कामाची सवय लागणं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

रोज सराव काय करायचा?

अर्धा तास समोर दिसेल ते काढायचं, मग हातातल्या कथेचं पान पुढे न्यायचं. वेळ कमी असेल तर पानाला द्या.

समोरचं काढायला एसटी स्टँडसारखी जागा नाही. तिथे माणसं थांबलेली असतात, पण स्थिर नसतात. कुणी पिशवी या हातातून त्या हातात घेतं, कुणी फलाटाच्या कडेला येऊन गाडी आली का बघतं, कंडक्टर काखेतली बॅग सावरत चहाकडे वळतो. अशा माणसासाठी तीस सेकंद मिळतात, फार तर मिनिट. त्यात नाकडोळे काढत बसू नका. पाठीचा कणा कुठे वाकलाय, भार कुठल्या पायावर आहे, ओझ्याने कुठला खांदा खाली गेलाय, एवढंच टिपा. चेहरा नसलेल्या त्या चार रेषांवरून घरी आल्यावर तो माणूस ओळखता आला, की सराव नीट चालला आहे.

शरीररचनेची पुस्तकं वापरावीत का?

जरूर वापरावीत. हाडं आणि स्नायू जगभर सारखेच. पण बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पुस्तकांत उभे, धावणारे, उड्या मारणारे देह असतात आणि बसलेला माणूस खुर्चीवर असतो. आपल्या कथांमधली माणसं मांडी घालतात, एक गुडघा वर घेऊन जेवतात, डोक्यावर पाटी घेऊन चालतात आणि तासन् तास उकिडवी बसतात. त्यासाठी बाजारातच जावं लागतं.

उकिडवं बसणं मला बराच काळ जमत नव्हतं, म्हणून आठवडी बाजारात भाजीवाल्या मावशींच्या समोर बसून तेवढंच काढत राहिले. तिथे जे दिसलं ते असं. सवयीने बसणाऱ्या माणसाच्या टाचा जमिनीला पूर्ण टेकलेल्या असतात, तो चवड्यांवर तोललेला नसतो. नितंब जवळपास टाचांपर्यंत खाली येतात आणि गुडघे काखेच्या उंचीला जातात. समोरून पाहिलं तर नडग्यांच्या दोन उभ्या रेषाच पोट झाकतात. धड दिसतं ते फक्त त्यांच्या मधल्या फटीतून. हात गुडघ्यांवर टेकून पुढे मोकळे सुटतात, म्हणून बसल्या बसल्या तराजू धरता येतो. आता मी आधी टाचा आणि माकडहाड ठरवते, मग नडग्या, आणि धड सगळ्यांत शेवटी घालते. या क्रमाने काढलं की माणूस मागे पडेलसा वाटत नाही.

नऊवारीचंही तसंच. समोरच्या निऱ्या सगळेच काढतात. पण काष्टा पायांमधून मागे जाऊन कमरेला खोचलेला असतो, म्हणून मागून बघताना दोन्ही पाय वेगवेगळे कळतात आणि चालताना पाऊल लांब पडतं. पाचवारीतली चाल आखूड असते. हा फरक काढलात तर आजी आणि सून पाठमोऱ्या असल्या तरी वाचक चुकत नाही.

एलिमेंटरी, इंटरमिजिएटचा चित्रकथेला काही उपयोग होतो का?

होतो, आणि विशेषतः स्मरणचित्राचा. कला संचालनालयाच्या या परीक्षांमध्ये वस्तुचित्र, संकल्पचित्र, भूमिती-अक्षरलेखन यांच्या बरोबरीने स्मरणचित्र असतं. विषय मिळतो आणि समोर काही नसताना माणसं, जागा, झाडं, सामान घालून प्रसंग उभा करायचा असतो. चित्रकथेत दुसरं काय करतो आपण? परीक्षा झाली की हा विषय सुटतो, तो सोडू नका. दिवसा पाहिलेली एक जागा रात्री आठवून काढा आणि दुसऱ्या दिवशी जाऊन ताडून बघा. काय आठवलं नाही ते कळलं, की पुढच्या वेळी नजर नेमकी तिथे जाते.

कला महाविद्यालयात जायलाच हवं का, असंही विचारलं जातं. मुंबईचं जे. जे. १८५७ पासून आहे, पुण्याला अभिनव आहे. जाणं शक्य असेल तर जावं. वर्षानुवर्षं रोज चित्र काढायला मिळणं आणि तुमच्या कामावर बोलणारी माणसं भेटणं याची किंमत मोठी आहे. शक्य नसेल तर त्यापायी चित्रकथा थांबवू नये.

दुसऱ्यांची चित्रं पाहून काढणं चुकीचं आहे का?

शिकण्यासाठी काढा, खाली मूळ चित्रकाराचं नाव लिहा आणि ते पान आपलं म्हणून दाखवू नका. मात्र नक्कल करताना प्रश्न घेऊन बसा. मी लहानपणच्या ‘चांदोबा’तलं शंकर यांचं विक्रम-वेताळाचं चित्र समोर ठेवून केवळ बाह्यरेषा काढली होती. आतलं सगळं काळं केलं तरी राजा चालतोय, खांद्यावर ओझं आहे, हातात तलवार आहे हे लगेच कळतं. तेव्हापासून आपली महत्त्वाची चौकट मी एकदा काळी भरून बघते. सावलीवरून प्रसंग ओळखू येत नसेल तर तपशील कितीही घाला, चित्र सुधारत नाही. माणसाची ठेवणच बदलावी लागते.

मराठी माणसाने अभ्यास कुणाचा करावा? आपल्याकडे कॉमिक्सची परंपरा आहे कुठे?

ती भरपूर आहे, पण एका कपाटात सापडत नाही. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा आहे. कागदावर रंगवलेली चित्रं एकापाठोपाठ एक दाखवत, गात, रामायण-महाभारतातली आख्यानं सांगायची. चित्रांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. ही कला जिवंत ठेवणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्र बदललं की आख्यान पुढे सरकतं हे तंत्र आपल्याकडे फार पूर्वीपासून आहे. शक्य असेल तर ती चित्रं प्रत्यक्ष पाहा. माणसं बाजूने दाखवलेली, डोळे मोठे, पार्श्वभूमी जवळजवळ नाहीच, तरी कोण कुणाशी बोलतंय याबद्दल शंका राहत नाही.

मग शि. द. फडणीस. त्यांची बहुतेक व्यंगचित्रं एका शब्दाशिवाय उभी राहतात, आणि शाळेच्या गणिताच्या पुस्तकांतली त्यांची चित्रं आपल्यापैकी अनेकांच्या आईवडिलांनी पाहिलेली आहेत. शब्द काढून टाकला तर चित्र किती बोलतं, हे शिकायला त्यांच्यासारखे गुरू नाहीत. वसंत सरवटे यांच्याकडे रेषेसाठी जावं. गर्दी कशी रचायची हे मारिओ मिरांडांकडे: मुंबईत कुलाब्याच्या कॅफे माँडेगारच्या भिंतींवर त्यांची चित्रं आहेत, तिथे एका कोपऱ्यातून सुरू करून नजर कुठून कुठे जाते ते बघत उभं राहा. ‘अमर चित्र कथा’ची जी पानं लहानपणी हिंदी-इंग्रजीत वाचली, त्यांतली पुष्कळ राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम यांच्या हातची आहेत. मुळीकांनी पुढे हिंदीत नागराजही काढला. आणि रोजच्या तीन-चार चौकटींत विनोद कसा बसवायचा यासाठी ‘सकाळ’मध्ये १९९१ साली सुरू झालेला ‘चिंटू’ आहेच. ‘किशोर’चे जुने अंकही चाळा, त्यांतल्या कथाचित्रांमध्ये खजिना आहे.

माझी शैली कधी तयार होईल?

त्याची काळजी करू नका. बरीच पानं झाली की लोक तुम्हाला सांगतील.

सामान कोणतं घेऊ?

साधं. एचबी आणि टू-बी पेन्सिल, कार्ट्रिज कागद, काळी वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक, होल्डर-निब आणि दोन नंबरचा गोल ब्रश. कॅमलची शाई कुठल्याही गावात मिळते आणि वाळल्यावर वरून जलरंग फिरवला तरी पसरत नाही. ही शाई फाउंटन पेनमध्ये मात्र चुकूनही भरू नका, आत वाळली की पेन संपलं. निबसुद्धा काम थांबवताच पाण्यात धुवून पुसायची.

छापील पान ए-फाइव्ह असेल तर मूळ पान ए-फोरवर काढा. छापताना ते साधारण ७१ टक्के होतं, रेषा घट्ट बसते. पण अर्धा मिलिमीटरची रेषा साधारण ०.३५ होते, म्हणजे केसासारख्या बारीक रेषा उडून जाण्याची शक्यता असते. शाई करण्याआधी एका पानाची तेवढी लहान झेरॉक्स काढून बघावी. दोन-तीन रुपयांत सगळं कळतं.

हाताने काढू की टॅबवर?

जे हाताशी असेल त्यावर. ‘क्रिटा’ हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि चित्रकथेला पुरून उरतं. टॅबवर मागे जाता येतं, म्हणून माणूस एकच रेष पुन्हा पुन्हा काढत बसतो. त्याला आवर घालायला लागतो. मी पेन्सिल आणि शाई कागदावर करते, रंग आणि अक्षरं संगणकावर. शाईचं पान ६०० डीपीआयला स्कॅन करा. मोबाइलने फोटो काढलात तर एका बाजूला सावली येते आणि पांढरा भाग करडा होतो.

एक पान ठरवताना नेमकं काय करता?

नुसतं समजावण्यापेक्षा एक पान दाखवते. माझी चार पानांची एक कथा आहे: लिहिता-वाचता न येणारी आजी सातारा स्टँडवर कोरेगावची गाडी शोधते. दुसऱ्या पानावर तिच्यासमोर एकामागून एक गाड्या लागतात आणि तिला पाटी वाचता येत नाही.

आधी काडेपेटीएवढ्या आकारात त्या पानाचे चार-पाच कच्चे आराखडे केले. पहिल्यात सहा सारख्या चौकटी होत्या: आजी, गाडी, आजी, गाडी, आजी विचारते, पोरगा उत्तर देतो. प्रसंग कळत होता, पण आजीची अडचण वाचकाची होत नव्हती. वाचक पाटी वाचत होता ना! मग ठरवलं की या पानावर गाड्यांच्या पाट्या आजीला दिसतात तशाच काढायच्या. वर एक आडवी रेष, तिला लोंबणारी गाठींसारखी काही वळणं, अक्षर एकही नाही. वाचक पाटीकडे बघतो आणि अडतो.

त्यानंतर चौकटींची मापं बदलली. वर पानभर रुंद चौकट, त्यात ओळीने लागलेल्या लाल गाड्या आणि तळाशी एवढीशी आजी, पाठमोरी. खाली चार अरुंद उभ्या चौकटी, प्रत्येकीत एकेक पाटी आणि तिच्या काचेत आजीचं पुसट प्रतिबिंब. शेवटची पुन्हा रुंद: आजी बाकावरच्या पोराकडे वाकलीय, तो मोबाइलमध्ये आहे. तिच्या बोलण्याचा फुगा, "बाळा, कोरेगावची कुठली रं?" पोराचं उत्तर या पानावर नाही. ते पान उलटल्यावर मिळतं. तिसऱ्या पानावर पोरगा पाटीवर बोट ठेवतो आणि त्याच चौकटीपासून पाटीवरची अक्षरं नीट वाचता येतात.

कच्च्या आराखड्यातच फुग्यांच्या जागा ठरवा. आधी चित्र पूर्ण करून मग फुगा कुठे घालू असं शोधायला लागलात तर तो हमखास कुणाच्या तरी कपाळावर येतो. जो आधी बोलतो त्याला चौकटीत डावीकडे किंवा वर ठेवा. नाहीतर फुग्यांच्या शेपट्या एकमेकींना ओलांडतात.

मराठी अक्षरं फुग्यात नीट का बसत नाहीत?

फुग्याचा आकार आपण इंग्रजी कॉमिक्स बघून काढतो, म्हणून. इंग्रजी कॉमिक्समध्ये सगळी मोठी अक्षरं असतात, वरखाली काही डोकावत नाही, ओळी एकमेकींना खेटून चालतात. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय. वरच्या ओळीतल्या "कुठून"चे उकार खालच्या ओळीतल्या "मी"च्या वेलांटीवर आदळतात.

हाताने लिहिताना मी पेन्सिलने दोन रेषा आखते, शिरोरेषेची आणि अक्षराच्या तळाची. दोन शिरोरेषांमधलं अंतर अक्षराच्या उंचीच्या साधारण दुप्पट ठेवते. फुग्याच्या आत वर आणि खाली निदान अर्ध्या अक्षराएवढी मोकळी जागा राहू द्यायची. त्यामुळे फुगा मोठा होतो हे खरं. उपाय एकच, शब्द कमी करा. एका फुग्यात बारा-पंधरा शब्दांच्या वर मी जात नाही.

ओळ कुठे तोडायची याचाही विचार करा. मराठीत क्रियापद आणि नकार शेवटी येतो, वाक्याचा सगळा जोर तिथे असतो. "मी तुला काल / स्टँडवर पाहिलंच / नाही." असं तोडलं तर "नाही" एकटा पडून ठसतो. "मी तुला / काल स्टँडवर / पाहिलंच नाही." असं तोडलं तर बोलणारा सहज सांगतोय असं वाटतं. दोन्ही बरोबर आहे, तुमच्या पात्राला काय म्हणायचंय त्यावर ठरवा. शब्द मात्र मधे तोडून खालच्या ओळीत नेऊ नका.

शिरोरेषा हे तर आपल्या हातातलं खास हत्यार आहे. ओरडताना ती जाड करा, थरथरत्या आवाजासाठी तुटक करा, कुजबुजीसाठी काढूच नका. आवाजांचंही तसंच: "खळ्ळ", "धप्प", "टण्ण", "सुर्रर्र" हे आवाज चित्राचा भाग म्हणून काढायचे असतात, भांडं ज्या दिशेला पडलंय त्या दिशेला कलते. कटनिबने अक्षरलेखन शिकलेल्यांना याचा फार फायदा होतो.

संगणकावर टाइप केलं की जोडाक्षरं फुटतात. काय करू?

दुकानात हा प्रश्न रोज येतो. युनिकोडमध्ये टाइप करा, आणि फोटोशॉपची थोडी जुनी आवृत्ती वापरत असाल तर प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडा. त्याहून जुन्या आवृत्त्यांत तिथे मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन असं नाव आहे. ते केल्यावर "प्रश्न" आणि "उत्तर" जोडलेले दिसतात. ‘इंकस्केप’मध्ये हा त्रास होत नाही, म्हणून फुगे आणि अक्षरं मी त्यातच करते. फाँट मोफत हवे असतील तर ‘कलम’ हस्ताक्षरासारखा आहे आणि ‘एक टाइप’ या फाँट करणाऱ्या संस्थेचा ‘बलू’ गोलसर, जाड, ओरडण्याला चांगला. दोन्ही खुल्या परवान्याचे आहेत, छापील पुस्तकातही चालतात. बातमीच्या मजकुराचा फाँट फुग्यात घालू नका, पात्र बोलत नाही, निवेदन देतंय असं वाटतं.

एखाद्या प्रसिद्ध मराठी कथेवर चित्रकथा केली तर चालेल?

घरी सरावाला करा. छापायची, विकायची किंवा सगळ्यांना दाखवायची असेल तर हक्क बघावे लागतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षं त्याच्या साहित्यावर हक्क असतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन २०११ पासून सर्वांसाठी खुलं आहे. पु. ल. देशपांडे २००० साली गेले. त्यांच्या लेखनासाठी २०६० संपेपर्यंत परवानगी लागेल. लेखक खुला असला तरी नव्या आवृत्तीतली चित्रं, प्रस्तावना आणि टिपा दुसऱ्या कुणाच्या असतात, त्या उचलता येत नाहीत.

माझं सध्याचं एक मोठं काम याच वाटेचं आहे. दिवाकरांच्या, म्हणजे शंकर काशीनाथ गर्गे यांच्या, नाट्यछटा मी चित्रकथेत आणते आहे. ते १९३१ साली गेले. नाट्यछटेत एकच माणूस बोलतो. समोरचा काय म्हणाला ते त्याच्या बोलण्यावरूनच समजून घ्यायचं. चित्रात पहिला प्रश्न हाच येतो की समोरच्याला दाखवायचं का? दाखवला आणि फुगा दिला तर नाट्यछटा मोडली. मुळीच दाखवला नाही तर पानभर एकच तोंड. मी त्याला दाखवते, पण गप्प. त्याची मान खाली जाते, हात मागे जातात, एखाद्या चौकटीत नुसती चप्पल दिसते. बोलणाऱ्याचा एक शब्दही न बदलता त्याचा दांभिकपणा समोरच्याच्या देहातून कळावा, अशी धडपड आहे. या कामाने मला चेहऱ्यांपेक्षा हातांकडे बघायला लावलं.

मला लिहिता येत नाही. मग?

लिहिणारा मित्र किंवा मैत्रीण शोधा. ‘चिंटू’ चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर या दोघांचा होता. कामाला लागण्याआधी नाव कुणाचं कसं येणार आणि पैसे आले तर वाटणी कशी, हे कागदावर लिहून ठेवा, मैत्री कितीही घट्ट असली तरी.

छापायला देताना काय बघायचं?

मधे पिन मारायची असेल तर पानांची संख्या चारच्या पटीत हवी, मुखपृष्ठ धरून. चित्र पानाच्या कडेपर्यंत जात असेल तर चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जास्त काढा, कटिंगला पांढरी किनार राहत नाही. संवाद कडेपासून निदान १० मिलिमीटर आत ठेवा. रंगीत फाइल सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या पद्धतीत द्या आणि अक्षरांचा काळा फक्त काळ्याच शाईचा ठेवा. चारही रंगांचा मिळून काळा केला तर छपाई केसभर सरकली तरी अक्षरांना रंगीत सावल्या येतात. आणि पूर्ण छपाईआधी एक प्रत हातात घेऊन वाचा. पडद्यावर न दिसलेला चुकीचा ऱ्हस्व-दीर्घ कागदावर लगेच दिसतो.

पहिल्या पुस्तिकेच्या प्रती मोजक्याच काढा. संपल्या तर झेरॉक्सवाला आहेच.

यातून पैसे मिळतात का?

निव्वळ मराठी चित्रकथांवर घर चालवणारी माणसं फार थोडी आहेत, हे स्पष्ट सांगायला हवं. पण चित्रकथा काढता येणाऱ्याला इतर कामं मिळतात: मुलांच्या पुस्तकांतली चित्रं, पाठ्यपुस्तकं, जाहिरातींचे स्टोरीबोर्ड, दिवाळी अंकांतली कथाचित्रं आणि व्यंगचित्रं. १९०९ साली ‘मनोरंजन’ने सुरू केलेली दिवाळी अंकांची प्रथा अजून चालू आहे आणि नवख्या चित्रकाराला तिथे वाव मिळतो. संपादकांना पावसाळा सुरू होताच लिहा, गणपतीनंतर अंक भरलेले असतात. सोबत सुटी चित्रं न पाठवता एक पूर्ण दोन-चार पानी कथा पाठवा.

मानधन आधी विचारा. "नाव होईल" एवढ्यावर मोठं काम घेऊ नका. घरच्यांशी बोलतानाही हाच हिशोब मोकळेपणाने मांडा. नोकरी सांभाळून काढतो म्हटलं की बहुतेक आईवडील ऐकतात.

एआयने चित्रं होत असताना शिकायचं कशाला?

आजी पाटीकडे बघते तेव्हा वाचकालाही ती वाचता येऊ नये, हे ठरवायला मला स्टँडवर बसावं लागलं. मला ते ठरवण्यातच रस आहे. दुसऱ्यांच्या चित्रांवर न विचारता शिकवलेल्या यंत्राकडून पान करून घेणं मला पटत नाही, म्हणून माझ्या पानांत ते नाही.

माझी पानं बघून मत द्याल का?

नक्की देईन. पूर्ण झालेली कथा दाखवा, लांबी एक पानाची असली तरी चालेल. आणि माझ्याआधी ती चित्रकलेशी संबंध नसलेल्या कुणाला तरी वाचायला द्या. "कशी वाटली?" असं विचारू नका, माणसं चांगलीच म्हणतात. वाचून झाल्यावर "काय काय घडलं ते मला सांगशील?" असं विचारा. ते सांगताना कुठे अडखळले, कुठला माणूस त्यांनी दुसराच समजला, कुठली चौकट त्यांच्या सांगण्यात आलीच नाही, ते पानाच्या मागे पेन्सिलने लिहून ठेवा आणि ते टिपणही मला पानांसोबत पाठवा. मी आधी तेच वाचते.